पाचवी बाटली

नव्या पेठेतल्या त्या जनरल स्टोअरवाल्याला सरांच्या घरात माणसं किती, हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नसणार. सर दोन-तीन महिन्यांनी एकदा जायचे आणि दात घासायचे ब्रश डझनानं घ्यायचे. मऊ नको, कडक द्या. रंग कुठलाही चालेल. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा त्यानं धीर करून विचारलंच.

"सर, राग मानू नका. घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि मंडळी."

"आणि ब्रश दोन डझन?"

"दगड लई हायेत हो," सर म्हणाले आणि पिशवी घेऊन चालू लागले.

दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. मी तरी काय सांगणार? सर खरंच दगड घासायचे. ओढ्यातले, विहिरीतले, तलावाकाठचे. पाण्यातल्या दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो ना, तो घासून बाटलीत घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्या थरात डायटम असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ. ब्रश एका जागी एकदाच. घासून झालं की सर तो दोन्ही हातांत धरून कट्‌दिशी मोडायचे. चांगला कोरा ब्रश, पाच मिनिटं वापरलेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव कळवळला.

"मोडला न्हाय तर कुणीतरी परत वापरतंय," सर म्हणाले. "आणि वापरला की दोन जागांचं पाणी एक झालं. मग तू किती बी मोज, सगळं खोटं."

मी सरांकडं एम.एस्सी. केलं आणि पुढं त्यांच्याच प्रकल्पात मदतनीस म्हणून राहिलो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. नायना, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आणि अम्मा विड्या वळते. हे मी कुणापासून लपवत नाही. भवानी पेठेत आमच्या बोळात माझ्याआधी कुणी विद्यापीठाचा झगा अंगावर घातला नव्हता. म्हणून सरांनी "माझ्याकडं थांबतोस का?" असं विचारलं तेव्हा मी, काम काय, किती दिवस, काहीसुद्धा न विचारता हो म्हणालो.

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, वर्गात पुस्तकी मराठी आणि वर्गाबाहेर पडले की गावाकडची. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेन्सिली. पेनाची शाई पाण्यात पसरते म्हणून त्यांचा शाईवर विश्वासच नव्हता. तसा त्यांचा कशावरच नव्हता. प्रयोगशाळेचं कुलूप लावून जिना उतरायचे, परत चढायचे, कुलूप ओढून बघायचे. बाटलीवर एक चिठ्ठी, बाटलीच्या आत एक चिठ्ठी आणि तीच चिठ्ठी तिसऱ्यांदा लिहून स्वतःच्या खिशात. काकूंच्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या : धने, नवी पेठ, सकाळ, ऊन. एकदा काकू मला म्हणाल्या, "लग्नात माझ्या कपाळाला चिठ्ठी लावली नाही, तेवढे उपकार."

सर आमच्या घरी पहिल्यांदा आले तो प्रसंग अम्मा अजून सांगते. ती त्यांच्यासाठी चहा ठेवत होती आणि हे मोरीजवळ उकिडवे बसले होते. आमच्या पाण्याच्या पिंपाला खालच्या अंगानं बारीक गळती होती. तिथं थर साचला होता. सरांनी खिशातून ब्रश काढला आणि पिंप घासायला लागले. अम्मा शरमेनं अर्धी झाली.

"सर, राहू द्या की ओ, मी उद्या घासनार होते!"

"न्हाय न्हाय, घासू नका! असलं सोलापुरात कुटं बगायला मिळत न्हाय."

तिला वाटलं टोमणा मारतायत. मग सर तिच्यासमोर बसले आणि समजावून सांगायला लागले. "बगा, कुंकवाचा करंडा असतो ना तुमचा? खाली डबी, वर झाकण? तसा करंडा, पण काचेचा. डोळ्यांना दिसनार न्हाय एवढा. त्यात एक हिरवट-तपकिरी जीव बसल्याला असतो, उन्हावर जगतो. जीव मेला तरी करंडा ऱ्हातो. त्या करंड्यावर नक्षी असते आणि परत्येक जातीची नक्षी येगळी."

"तुमी त्याचं करता काय?" अम्मानं विचारलं.

"नक्षी मोजतो."

"आनि?"

"आनि काय? परत मोजतो."

सर गेल्यावर अम्मानं नारळाच्या शेंडीनं पिंप असं घासलं की चकाकायला लागलं. पुढच्या खेपेला सरांनी ते बघितलं आणि चहा अर्धा ठेवून उठले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तर असे सर. तीस वर्षांत त्यांनी एकाही नव्या जातीचं वर्णन छापलं नव्हतं. म्हणजे सापडल्या नव्हत्या असं नाही. तीनदा त्यांना वाटलं होतं की ही नवी आहे, आणि तिन्ही वेळा त्यांनीच माघार घेतली. एकदा तर पोस्टात टाकलेलं पाकीट पोस्टमास्तरांच्या हातापाया पडून परत आणलं. विभागात त्यावर चेष्टा चालायची. विभागप्रमुख मॅडम चहाच्या वेळी विचारायच्या, "सर, बारसं कधी?" सर म्हणायचे, "आधी लेकरू आपलंच हाय का ते तर बघू द्या." आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

शेवटच्या प्रकल्पात त्यांनी विषय मागितला तो हिमाचलातल्या उंचावरच्या पाणथळ जागांचा. सोलापूरच्या माणसानं हे मागावं याचं सगळ्यांना हसू आलं. पण सर म्हणायचे, तिथं वर्षातले सहा-सात महिने बर्फ, माणूस नाही, गुरं नाहीत, तिथल्या करंड्यांना अजून कुणी हात लावलेला नाही. प्रकल्प मंजूर झाला आणि त्याच महिन्यात सरांच्या छातीत स्टेंट बसली. डॉक्टर म्हणाले, पन्हाळ्यापर्यंत जा, त्याच्या वर नको.

म्हणून मी गेलो.

जायच्या आधी सरांनी माझ्याकडून जी तयारी करून घेतली, ती बघायला अख्खं कॉलेज जमायचं. मे महिना, सोलापूरचं ऊन, वरचा पत्रा तापून लाल. पाठीवर दगड भरलेली सॅक घालून मी कॉलेजचे जिने चढायचो आणि सर खाली घड्याळ घेऊन उभे. मग रसवंतीवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या लादीवर मी दोन्ही हात ठेवायचे, बोटं बधिर झाली की पेन्सिल घेऊन चिठ्ठी लिहायची.

"वाचता येत न्हाय. परत ठेव हात."

"सर, बोटं गळून पडतील."

"तितं पडली तर कोन लिवनार?"

आणि शेवटी गावातल्या तलावावर नेऊन दगड घासायचा सराव. पाण्यात वाकायचं कसं, दगड उलटा करायचा नाही, ब्रश कुठल्या अंगानं चालवायचा. सरावाचा एक ब्रश होता, निळ्या दांडीचा. सराव संपला तेव्हा सर म्हणाले, "मोड आता." तेवढ्यात त्यांना काकूंचा फोन आला, ते बाजूला गेले. मी तो ब्रश मोडला नाही. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. अम्माला कशाला तरी होईल. आमच्या घरात धड वस्तू मोडून टाकायची सवय कुणालाच नाही, मलाही नव्हती. बस, एवढंच झालं. पुढचं सगळं त्यातनं झालं.

स्पितीकडच्या एका खिंडीच्या वर पाच पाणथळी ठरल्या होत्या. गाडीवाला तिथलाच, बोलका माणूस. डोकं ठणकत होतं, दोन पावलं टाकली की छाती भात्यासारखी चालायची. तरी चार पाणथळी नीट झाल्या. चार ब्रश, चार बाटल्या, चारही ब्रश मी दगडावर ठेचून मोडले. पाचव्या पाणथळीवर वारा सुटला. वाकलो, आणि खिशातलं ब्रशांचं पाकीट पाण्यात पडलं. उरलेले सगळे ब्रश चिखलाच्या पाण्यात तरंगायला लागले. सरांच्या नियमानं ते आता कामाचे नव्हते. बाटलीत काय आलं ते दगडावरचं का चिखलातलं, हे सांगता आलं नसतं. वर ढग काळे पडले होते. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, "चलो सरजी, रास्ता बंद हो जाएगा!"

सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात निळ्या दांडीचा ब्रश हाताला लागला.

मी तो शुद्ध पाण्यानं धुतला. तीनदा धुतला. अंगठ्यानं केस चोळले. मग दगड घासला. चिठ्ठी लिहिली, वाचता येईल अशी. वहीत नोंद केली : जागा, वेळ, पाण्याचं तापमान. 'ब्रश' असा एक रकाना सरांनी स्वतः आखून दिला होता. त्यात मी लिहिलं, 'नवा'.

उतरताना मला वाटलं होतं, काय होतंय एका ब्रशनं.

परत आल्यावर कामाला लागलो. थर आम्लात उकळायचा, म्हणजे जीव जळून जातो आणि काचेचे करंडे तेवढे उरतात. मग धू धू धुवायचं, थेंब काचेवर वाळवायचा. चार बाटल्यांत जे दिसायला पाहिजे ते दिसलं. पाचव्या बाटलीच्या काचेवर सर सकाळी बसले आणि दुपारच्या जेवणाला उठलेच नाहीत. मी दोनदा डबा पुढं केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा ते म्हणाले, "हितं ये. काय दिसतंय ते सांग. मी काय म्हनतो ते मनात आनू नको."

होडीसारखा आकार, दोन्ही टोकं गुंडीसारखी फुगलेली, दोन्ही अंगांना बारीक रेघा. पुस्तकातल्या जवळच्या जातीला मधोमध एका बाजूला एक ठिपका असतो. ह्याला दोन होते, शेजारी शेजारी.

"दोन ठिपके, सर."

"किती?"

"दोन."

त्यांनी डोळे मिटले. एका काचेवर असे चाळीस-एक सापडले. आणि फक्त पाचव्या बाटलीत. बाकीच्या चारांत एकही नाही.

सरांचा आनंद सर लपवत होते, पण काकूंनी फोन करून मला सांगितलं, "काय झालंय रे यांना? आंघोळ करताना कन्नड वचनं म्हणतायत मोठ्यानं." घरी मी सांगितलं की एक नवी जात सापडली आहे, ती छापून येईल, वर्णन करणाऱ्यांत सरांच्या नावाशेजारी माझंही नाव असेल, कायमचं. नायनांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या मागावरच्या माणसानं मला बोळात थांबवून विचारलं, "काय, मासा सापडला म्हणं तुला?" माझ्यासाठीही तो पेपर म्हणजे सगळं होतं. पीएच.डी.ला, मुलाखतीला, कुठंही पहिला प्रश्न तोच, काय छापलंय?

पण 'फक्त पाचव्या बाटलीत' हे सर आनंदानं म्हणाले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचो. कारण सरावाचा ब्रश फक्त पाचव्या बाटलीलाच लागला होता. ब्रशच्या केसांत सोलापूरच्या तलावातले करंडे अडकून वर गेले असतील तर? तर आम्ही हिमालयातली म्हणून जी जात जगाला सांगणार होतो, ती आमच्या तलावातली. आणि ज्या माणसानं तीस वर्षं पाकिटं परत आणली, त्याच्या नावावर शेवटी हेच लागणार. मी धुतला होता, तीनदा धुतला होता. चालता-बोलता मी हे मनात म्हणायचो. दुसऱ्या शहरातल्या संस्थेत मोठ्या सूक्ष्मदर्शकावर फोटो काढायला गेलो, तिथला माणूस म्हणाला, "वा, सुंदर आहे हो." मी फोटो घेऊन तसाच निघालो. सहा महिने मी गप्प राहिलो. बोलायचं ठरवून प्रयोगशाळेत जायचो आणि सर इतक्या खुशीत दिसायचे की तोंड उघडायचं नाही.

मसुदा पुरा झाला तेव्हा सरांनी मला घरी जेवायला बोलावलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवता जेवता ते मसुदा मोठ्यानं वाचत होते, कामाची पद्धत लिहिलेला भाग. "प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश वापरला." वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. नुसतं सवयीनं.

"बरोबर?"

"नाही, सर."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात होता. मी सगळं सांगितलं. पाकीट पडलेलं, हॉर्न, निळी दांडी. काकू वाढायच्या थांबल्या. सर उठले, मोरीत गेले आणि हात धूत राहिले. पाण्याचा आवाज येत होता, थांबत नव्हता. आता ते मला हाकलतील, असं मला वाटलं. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "तो ब्रश कुटं हाय?"

"अम्मानं शेगडी घासायला घेतलाय."

"वहीत काय लिवलायस?"

"नवा."

"वही आन."

मी सायकलवर जाऊन वही आणली. सरांनी पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. "खोड. एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला खरं काय ते लिही, सही कर, आजची तारीख घाल." मी 'नवा'वर रेघ मारली. बर्फावर हात ठेवून लिहायचो त्याहून वाईट अक्षर आलं. सरांनी या खेपेला परत लिहायला सांगितलं नाही.

मग तलावाचं सुरू झालं. तीस वर्षांच्या तलावाच्या काचा सरांनी कपाटातून काढल्या आणि एकेक परत बघितल्या. मी ज्या दगडावर सराव केला होता तो दगडसुद्धा आम्ही शोधला, घासला, उकळला, बघितला. दोन महिने. दोन ठिपक्यांचा एकही नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "झालं की मग, सर. तलावात नाही, म्हणजे डोंगरावरचाच. पाठवून टाका. निवृत्तीच्या आधी येऊन जाईल."

"न्हाय दिसला म्हंजे न्हाय, असं होत न्हाय, मॅडम."

"तीस वर्षं बघताय तुम्ही त्या तलावाला!"

"त्येच की. तीस वर्षं एकाच मानसानं बगितलंय. मला दिसायचं त्येच दिसत आसंल."

"सर, दुसरं कुणी आधी छापलं तर?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"छापू दे. खोटं तर न्हाय छापनार."

पाचव्या पाणथळीतून परत नमुना आल्याशिवाय कागद हलणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. खिंड पुढच्या उन्हाळ्यात उघडणार होती. दरम्यान सर निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं. मॅडमनी भाषणात बारशाचा विषय काढला नाही, तेव्हा मला जास्तच लागलं. तेवढं मात्र त्यांनी केलं, खिडकीजवळचं एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक सरांसाठी ठेवला. सर रोज यायचे, नोकरीत असल्यासारखे, आणि कुलूप ओढून बघून जायचे.

तिकीट काढून झालं होतं, सॅक भरत होतो, आणि मोबाईलवर मला तो पेपर दिसला. परदेशातल्या तिघांचा. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाची एक पाणथळ. पहिलाच फोटो. होडी, गुंडीसारखी टोकं, मधोमध दोन ठिपके. खाली नाव. तीन आठवड्यांपूर्वी छापलेलं.

मी खाली बसलो. अम्मानं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "मासा दुसऱ्यानं धरला." तिला काही कळलं नाही. पण तिनं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

ह्या वेळी मात्र मी एक दिवससुद्धा दडवलं नाही. तसाच सरांकडं गेलो. त्यांनी मोबाईल हातात घेतला, खिशातलं भिंग काढून त्या काचेवर धरलं. बराच वेळ. मला त्यांच्याकडं बघवेना. मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला. वर बघितलं तर सर हसत होते.

"दोन ठिपके. बग की. रेघाबी तेवढ्याच. मी मोजल्याल्या तेवढ्याच!"

"सर, त्यांनी नाव ठेवलं."

"बरं नाव हाय. म्हंजे तो डोंगरातलाच निघाला. जलमला कुटं ते कळलं."

मला राग आला. खरं सांगतो, त्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटलं. आपलं गेलं, सर, तुमचं तीस वर्षांचं गेलं, माझ्यामुळं गेलं, आणि तुम्ही रेघा मोजताय! पण तोंडातून एवढंच आलं, "मग तिकीट रद्द करतो."

"का?"

"आता जाऊन काय करायचं?"

"त्यांच्या पान्यात तो हाय, हे त्यांनी सांगितलं," सर म्हणाले. "आपल्या पाचव्या पान्यात तो हाय का तुज्या ब्रशात दुसरंच कायतरी हुतं, हे कोन सांगनार? कागद अडकलाय तो तितं."

नातेपुत्याच्या कॉलेजात मी आता तासावर शिकवतो. कायम जागेच्या मुलाखतीत अजून तोच प्रश्न येतो, पेपर किती, नवीन काय शोधलं? मी म्हणतो, काही नाही. समोरचे कागद पुढं सरकवतात. त्या वेळी मला सरांचा तो 'का?' आठवतो आणि आजही मला तो पुरता पटलेला नाही.

पण त्या उन्हाळ्यात मी गेलो. गाडीवाला तोच होता. "फिर आ गए सरजी? पिछली बार कुछ रह गया था क्या?" मी म्हणालो, "हाँ." त्याला तो विनोद वाटला. ब्रशांची तीन पाकिटं तीन खिशांत होती. वारा नव्हता. पाचव्या पाणथळीचं पाणी इतकं स्वच्छ होतं की दगड बाहेर असल्यासारखे दिसत होते. मी घासला, बाटली भरली, ब्रश मोडला. वहीत 'नवा' लिहिलं आणि लिहिल्यावर दोनदा ब्रशाच्या तुकड्यांकडं बघितलं.

काच तयार झाली त्या दिवशी सर सकाळीच येऊन बसले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. ते बघायला लागले आणि मी मागं उभा. ह्यात तो निघाला नाही तर? तर माझ्या ब्रशानं वर्षभर दोन माणसांना फसवलं. आणि निघाला तर? त्याचा तर मला विचारच करवत नव्हता. सरांचा हात चाक फिरवत होता, थोडं पुढं, थोडं मागं. मग थांबला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, बाजूला सरकले.

"बग."

मी वाकलो. होडी. गुंड्या. दोन ठिपके. जरा बाजूला सरकवलं, तिथं अजून एक. त्याच्या पलीकडं दोन.

"आहे, सर."

"व्हय."

मी सरळ झालो. "म्हणजे तेव्हाही खरंच होता. मी त्या दिवशी गप्प बसलो असतो तरी आपण खोटं छापलं नसतं."

"न्हाय, खोटं नसतं छापलं."

"आणि आपला पेपर पहिला आला असता."

"आला आसता," सर म्हणाले.

मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. असं काहीतरी, जे मी पुढं वर्गात पोरांना सांगेन. मी वाट बघत उभा राहिलो. सरांनी रजिस्टर ओढलं, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं.

"बस," ते म्हणाले. "चारशे करंडे मोज. तू नाव घे, मी मांडतो."

मी बसलो. काचेच्या एका कडेपासून सुरुवात केली. एकेक करंडा समोर येईल तसं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, सर त्या नावापुढं रेघ ओढणार. पाच-सहा ओळखीचे गेले. मग तो आला, दोन ठिपक्यांचा. त्याला आता त्या तिघांनी ठेवलेलं नाव होतं, तेच घ्यायला पाहिजे होतं. मी घेतलं. तोंडातल्या तोंडात.

"ऐकू आलं न्हाय," सर म्हणाले. पेन्सिल कागदावर टेकवून थांबले होते.

मी ते नाव परत घेतलं. मोठ्यानं, एकेक अक्षर नीट. सरांनी पहिली रेघ ओढली.